काचेच्या पोटातले नग

अलीगढ मागे टाकून ग्रँड ट्रंक रोडने एटाच्या दिशेने निघाले की वाटेत सिकंदराराऊ हे तहसिलीचे गाव लागते. याच तहसिलीत पुरदिलनगर नावाची एक लहानशी नगरी आहे. नकाशावर तिचा ठिपका शोधावा लागतो. परंतु काचमण्यांचा व्यापार करणाऱ्या माणसाला तिचे नाव सांगावे लागत नाही. उत्तर प्रदेशाच्या हाथरस जिल्ह्यातील या गावी मणी करणे हा पिढीजात गृहोद्योग आहे. फिरोजाबादच्या बांगडीचे कौतुक सर्वांनीच केले. मण्याच्या वाट्याला मात्र ते फारसे आले नाही. वास्तविक आपल्या मंगळसूत्रातले काळे मणीही बहुधा काचेचेच असतात, पण ते रोज गळ्यात वागवणाऱ्या गृहिणीने ते कोणाच्या हातून उतरले असतील याचा विचार क्वचितच केला असेल.

गावातील अरुंद गल्ल्यांतून चालताना उघड्या दारांतून गॅसच्या ज्योतीचा अखंड फुत्कार ऐकू येतो. आम्ही ज्या घरी गेलो तेथील कारागीर पन्नाशी उलटलेले होते. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणते. आम्हीही तेच संबोधन घेतले. ओसरीवर एक बुटके मेज, त्यावर ज्योत, डाव्या हाताशी रंगीत काचकांड्यांची जुडी आणि उजव्या हाताशी राखेने भरलेले पत्र्याचे डबडे, एवढाच त्यांचा कारखाना. पलीकडे चाची सुपात मणी घेऊन माळा ओवीत बसल्या होत्या.

मणी कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. बारीक लोखंडी सळईवर आधी मातीचा पातळ लेप देऊन तो वाळवतात. हा लेप नसला तर काच लोखंडाला कायमची चिकटेल. मग एका हाताने कांडीचे टोक ज्योतीत धरायचे. काच प्रथम लाल होते, मग नारिंगी, आणि पाकाला तार यावी तशी ओघळू लागते. तो ओघळ दुसऱ्या हातातल्या सळईवर गुंडाळायचा. सळई क्षणभरही थांबता कामा नये. थांबली की मणी एका अंगाला लोंबलाच. या सतत फिरण्यानेच मण्याला गोलाई येते. तयार मणी सळईसकट राखेत खुपसतात, म्हणजे तो सावकाश निवतो. बाहेरचे अंग आधी आवळले आणि आतले तापलेलेच राहिले, तर काचेत ताण साठतो आणि मणी आज ना उद्या तडकतो.

त्या दिवशी चाचांपुढे एक निराळे काम होते. दिल्लीच्या एका व्यापाऱ्याने मण्यांत चकाकणारे बारीक नग बसवून मागितले होते. दर नेहमीच्या मण्याहून बराच चांगला. परंतु अट अशी, की फुटका मणी हिशेबात धरायचा नाही. काच, गॅस आणि श्रम कारागिराचे. फुटला तर नुकसानही त्याचेच. शिवाय व्यापाऱ्याने पहिल्या खेपेस नग पाठवले होते ते खऱ्या जामुनियाचे, म्हणजे आपल्या जांभळ्या स्फटिकाचे. ‘सच्चा नग’ असला की गिऱ्हाईक खूश, असा त्याचा हिशेब.

त्या नगांचे काय झाले ते चाचांनी एका वाटीत जपून ठेवले होते. जांभळा रंग पार उडाला होता आणि प्रत्येक नगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या. ‘बाबूजी, जमिनीतून निघालेला दगड आहे; त्याला आगीची सवय नाही,’ असे ते म्हणाले. शास्त्राची भाषा निराळी असली तरी म्हणणे हेच आहे. जांभळ्या स्फटिकाचा रंग साडेचारशे-पाचशे अंशांच्या आसपास उडतो, आणि मण्याची काच तर त्याहून कितीतरी अधिक तापलेली असते. स्फटिकाची घडणही ५७३ अंशांवर एकाएकी बदलते आणि त्या क्षणी तो फुगतो. नैसर्गिक दगडात द्रवाचे सूक्ष्म थेंब अडकलेले असतात, तेही उष्णतेने उसळून त्याला आतून फोडतात. मोती, पोवळे, पिरोजा यांचे तर नावच नको.

समजा, एखादा पांढरा स्फटिक न फुटता काचेत उतरला, तरी उपयोग काय? रत्न चमकते ते त्याच्या आत शिरलेला प्रकाश वळून आणि परतून डोळ्यांकडे येतो म्हणून. भोवतालच्या वस्तूपेक्षा त्याचा वक्रीभवनांक जितका जास्त, तितकी चमक अधिक. काचेचा हा अंक सुमारे १.५२ आणि स्फटिकाचा १.५५ च्या आतबाहेर; म्हणजे काचेत घातलेला स्फटिक पाण्यात टाकलेल्या बर्फाच्या खड्यासारखा जवळजवळ दिसेनासाच होणार. हिऱ्याचा अंक २.४२ आहे खरा, पण हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. उघड्या हवेत पुरेसा तापला की तो जळू लागतो. अनमोल म्हणून ज्याची तिजोरीत राखण करावी, तेच येथे कुचकामी!

व्यापाऱ्याने दुसऱ्या खेपेस जे नग पाठवले, ते आपल्या बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ या नावाने विकले जातात. हे नाव मोठे गमतीचे आहे. हा ना हिरा, ना मूळचा अमेरिकेचा. झिर्कोनियमच्या ऑक्साइडचे हे घनाकृती स्फटिक मोठ्या प्रमाणावर करण्याची रीत मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकी संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात सिद्ध केली, आणि त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून रशियात याला ‘फियानाइट’ म्हणतात. हा पदार्थ वितळायला सुमारे २,७५० अंश उष्णता लागते. एवढ्या आचेला टिकणारी मूस कोठून आणावी? शास्त्रज्ञांनी युक्ती काढली, की पाण्याने गार ठेवलेल्या तांब्याच्या नळ्यांच्या पिंजऱ्यात ऑक्साइडची पूड भरून ती विद्युत्‌लहरींनी आतून तापवायची. मधली पूड वितळते, कडेची न वितळता राहते आणि तीच मूस होते.

चाचांच्या ज्योतीने अशा नगाचे काय वाकडे होणार? त्याचा वक्रीभवनांक सुमारे २.१५, म्हणून काचेच्या पोटातही त्याची चमक बरीच शाबूत राहते. आणखी एक योगायोग कारागिराच्या कामी आला आहे. एक मीटर लांबीची साधी काच एका अंशाने तापली, तर मीटरच्या एका कोटीव्या भागाच्या जवळपास शंभरपट, म्हणजे सुमारे नऊ-दहा मायक्रॉन वाढते. हा नगही त्याच मापाने, साधारण दहा मायक्रॉन वाढतो. दोघे बरोबर फुगतात, बरोबर आवळतात. म्हणूनच त्यांचा संसार टिकतो.

तरीही हात लागतोच. चाचा चिमट्यात नग धरून आधी ज्योतीच्या कडेला शेकवतात, कारण गार नग तापल्या काचेला लागला की काच तिथेच तडकते. मग मण्याचा एक ठिपका मऊ करून नगाचे टोक खाली आणि सपाट तोंड वर, असा तो हलकेच दाबायचा. कडेची काच किंचित वर सरकते आणि नगाला चहूकडून धरते. वरून पारदर्शक काचेचा थेंबही देता येतो, पण मध्ये हवेचा बुडबुडा अडकला तर नग रुपेरी माशाच्या डोळ्यासारखा मेलेला दिसतो. चाचांना तो थेंब पसंत नाही. आमचेही मत त्यांच्याच बाजूने पडले. उघड्या तोंडाचा नग अधिक देखणा दिसतो.

‘व्यापारी हे हिरे म्हणून विकेल का?’ असे आम्ही विचारले. चाचा हसले नाहीत. ‘आम्ही विचारत नाही. पण माळ तुटली, मणी तडकला, की नाव पुरदिलनगरचे निघते.’ चाचींनी मान वर न करता पुस्ती जोडली, ‘आणि पैसे यांचे कापले जातात.’

संध्याकाळपर्यंत सोळा मणी राखेत गेले. रात्रभर डबड्याला कोणी हात लावला नाही. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा चाचा ते एकेक काढून, पाण्यात भिजवून सळईवरून उतरवीत होते. पहिले बारा निर्दोष निघाले. तेराव्याचा नग तिरपा बसला होता, तो बाजूला ठेवला. चौदावा आणि पंधरावा ठीक. सोळावा त्यांनी दाराच्या उजेडात बराच वेळ फिरवून पाहिला. नगाच्या कडेला केसाएवढी रेघ होती. तो त्यांनी फुटक्या काचेच्या डब्यात टाकला आणि चौदा मणी चाचींकडे ओवायला दिले.