एका पायावरचा भार

ग्रीक शिल्पकारांनी पुढच्या कलेला दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे उभे राहण्याची रीत. इ.स.पू. सहाव्या शतकातले त्यांचे तरुणांचे पुतळे ताठ असतात. डावा पाय पुढे, पण भार दोन्ही पायांवर सारखा. इ.स.पू. 480 च्या सुमारास अथेन्सच्या अक्रोपोलिसवरील एका मुलाच्या पुतळ्यात तो भार एका पायावर गेला. त्या बाजूची कंबर वर चढली, दुसरा गुडघा सैल झाला. पुढे शिल्पकार पॉलिक्लायटसच्या भालाधारी पुतळ्यात खांदेही या हिशेबात आले. मातीकाम करणारा आजही हे ओळंब्याने तपासतो: गळ्याच्या खळगीतून सोडलेली दोरी भाराच्या पायाच्या घोट्याजवळ उतरली पाहिजे. नाही उतरली, तर आकृती पडेल असे वाटते, मग चेहरा कितीही हुबेहूब असो.

भालाधारी मुळात ब्राँझचा होता. तो उरला नाही; उरल्या त्या रोमन संगमरवरी प्रती. संगमरवराचे घोटे अंगाचे वजन पेलत नाहीत, म्हणून प्रतीत पायाशी झाडाचे खोड येते. पुढच्या पिढ्या हे खोडही भक्तिभावाने गिरवत राहिल्या! संगमरवरावरचे मूळचे रंगही झडले होते, त्यामुळे पांढरेपणा हाच ग्रीक आदर्श ठरला.

कोकणाचा या ग्रीक जगाशी संबंध जुना आहे. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या ग्रंथातील मांदागोरा हे बंदर काही अभ्यासक बाणकोटला, म्हणजे हरिहरेश्वरसमोर सावित्री नदीच्या मुखाशी मानतात. घाटावर कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवर यवन (ग्रीक) दात्यांची नावे आहेत, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती सापडली. माल आला, माणसे आली, तरीही ग्रीक शरीररचना इथे रुजली नाही. कार्ल्याची दांपत्ये आपल्याच डौलात उभी आहेत. हरिहरेश्वरला तर देव लिंगरूपात पुजला जातो.

ती रचना रुजली एकोणिसाव्या शतकात, प्लॅस्टरमधून. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये (स्थापना 1857) विद्यार्थी युरोपीय पुतळ्यांच्या प्लॅस्टर-प्रतींवरून रेखाटन करीत. प्रती निर्जीव, पण त्यांवरचा उजेड हलत नाही, त्यामुळे छायेची कड नीट शिकता येते. या शिक्षणाचे खरे फळ म्हणजे गणपतराव म्हात्रे यांचे विद्यार्थिदशेतले 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प. ग्रीक शिल्पात अंगाला चिकटलेल्या वस्त्राच्या चुण्या आतले शरीर सांगतात. म्हात्रे यांनी हे काम नऊवारीवर सोपवले. भाराचा पाय कोणता, हे लुगड्याच्या घड्यांवरूनच कळते. उसन्या व्याकरणात लिहिलेले हे अस्सल मराठी वाक्य आहे.

हरिहरेश्वरच्या उत्तरेला, याच किनाऱ्यावर अलिबागजवळच्या सासवने गावी 1891 मध्ये शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. जे. जे.नंतर ते लंडनलाही शिकले. पुण्यातला 1928 मधील शिवछत्रपतींचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा त्यांचाच. सासवन्याच्या शिल्पालयातली त्यांची कामे मात्र या परंपरेपासून मोकळी वाटतात, कारण त्यांत गावातली साधी माणसे आहेत आणि माध्यम अनेकदा सिमेंटचे आहे. सिमेंट ब्राँझपेक्षा स्वस्त; ते साच्यात भरता येते आणि आत लोखंडी सळ्या घालता येतात. सळी घोट्यातून जोत्यात उतरली की वजन ती पेलते, आणि पायाशी खोड ठेवावे लागत नाही.