आजी, जीप आणि नऊ इंच

पुण्यात कुठल्याही सिग्नलला थांबा, शेजारी एखादी थार येऊन उभी राहतेच. त्यातली एखादी ‘लिफ्ट’ केलेली असते. सस्पेंशन उचललेलं, टायर जाडजूड, आणि स्टिअरिंगवरचा हीरो आपल्याकडे गच्चीतून बघितल्यासारखा बघत असतो. लुक एकदम सॉलिड, वादच नाही! मला मात्र दर वेळी एकच प्रश्न पडतो. याच्या घरच्यांना या गाडीत चढवतं कोण?

प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो पणदऱ्यात. बारामती-नीरा रस्त्यावरचं आमचं गाव. जिकडे बघाल तिकडे ऊस, आणि इंग्रजांच्या काळापासून वाहणारा नीरा डावा कालवा. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, तिथे शेती बघतो. त्याच्याकडे महिंद्राची जुनी एमएम ५४० आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्यात ऑफ-रोडिंगचा किडा शिरला आणि जीप वर गेली. जास्त कमानीचे पाटे, लांब शॅकल, मोठे टायर. (टायरचा एक फंडा मला तेव्हाच कळला. टायरचा व्यास चार इंचांनी वाढवला तर गाडी दोनच इंच उचलली जाते. बाकीचे दोन इंच अ‍ॅक्सलच्या वर राहतात.)

शौक म्हणून हसू नका. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात आणि पाणी दिलेल्या उसाच्या कडेने कशी होते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी वाटेत खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात, मधे मातीचा उंचवटा. साधी गाडी त्या उंचवट्यावर पोट टेकून बसते आणि चाकं नुसती फिरतात. शिवाय दर शेताला बांध. बांध ओलांडताना पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि दोन्हींच्या मधलं पोट बरोबर बांधावर. तिथे उंची हवीच.

पण ही उंची आजीच्या वाट्याला भलतीच आली. आमच्या घरात जीपची पुढची सीट आजीची. मोरगावच्या गणपतीला जायचं, बारामतीला डॉक्टरकडे जायचं, कुणाच्या साखरपुड्याला जायचं, आजी पुढे. जीप वर गेल्यावर हळूहळू तिचं येणं बंद झालं. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर : “मला न्हाई यायचं बाबा. तुमी जावा, म्या घर बघते.” सगळ्यांनी समजून घेतलं की आता तिचं वय झालं. मी मुक्कामाला गेले तेव्हा मोरगावचाच बेत होता. ती जीपपर्यंत आली, दाराच्या दांडीला हात लावला, खालून वर बघितलं आणि म्हणाली, “दूध तापवायचं ऱ्हायलंय.” दूध सकाळीच तापवून झालं होतं!

मी टेप आणली. जमिनीपासून जीपच्या फरशीपर्यंत सत्तावीस इंच. आजीचा गुडघा जमिनीपासून सतराव्या इंचावर. म्हणजे पाय गुडघ्याच्या दहा इंच वर उचलायचा, आणि मग त्या दुमडलेल्या, आधीच दुखऱ्या गुडघ्यावर सगळं अंग तोलून वर यायचं. घराच्या जिन्याची पायरी साधारण सहा-सात इंचांची असते. आपण तिला एका दमात चार पायऱ्या चढायला सांगत होतो. तिच्या जागी मी असते तर मलाही दूध आठवलं असतं. (नऊवारीला दोष देऊ नका. त्या काष्ट्यात पाय मोकळा उचलता येतो. खरी पंचाईत सहावारीतल्या काकूची होते.)

दादाचं म्हणणं सरळ होतं. पायऱ्या लावल्या की लिफ्टचा उपयोग शून्य. पायरी म्हणजे गाडीच्या सगळ्यात नाजूक जागी खाली लोंबणारं लोखंड. पहिल्याच बांधाला अडकणार आणि वाकणार, किंवा गाडीच त्यावर टांगली जाणार. त्याचं चूक नव्हतं. ऑफ-रोडवाले दारांखाली जे जाड पाइप लावतात ते ‘स्लायडर’. ते चासीला घट्ट आणि बॉडीला चिकटून असतात, आणि दगडावर आख्ख्या गाडीचं वजन घेतात. पायरीने फक्त माणसाचं वजन घ्यायचं असतं, पण त्यासाठी तिला खाली आणि बाहेर यावं लागतं. एकाच लोखंडाकडून दोन्ही कामं धड होत नाहीत. परदेशात महागड्या गाड्यांना दार उघडलं की मोटरवर खाली येणाऱ्या पायऱ्या मिळतात. पणदऱ्याच्या चिखलात ती मोटर किती दिवस टिकली असती, देव जाणे.

तोडगा निघाला तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या मिस्त्रींकडे. काढता-घालता येणारी पायरी! चासीला खालून दोन चौकोनी पाइपचे तुकडे कायमचे बसवायचे, पण पोटाच्या वरच, म्हणजे बांधाला लागणार नाहीत. त्यांत आत सरकणारे दोन पाइप पायरीला. वरून ट्रॅक्टरच्या जोडणीत असते तशी पिन, तिला रिंगची क्लिप. पिना ओढल्या की पायरी हातात. चासीला वेल्डिंग करायचं नाही आणि नवीन भोकं पाडायची नाहीत, हे मिस्त्रींनी स्वतःहून सांगितलं. तापवलेली चासी तिथेच कमजोर पडते. म्हणून पाट्यांना असतात तसे यू-बोल्ट लावले.

खरी गंमत पुढे आहे. पायरी कायमची असती तर दादाने ती जास्तीत जास्त वर घेतली असती, चौदा-पंधरा इंचांवर. म्हणजे नावाला पायरी, आणि आजी पुन्हा खालीच. पायरी निघणार असल्यामुळे ती हवी तितकी खाली घेता येत होती. सत्तावीसचे तीन भाग केले : नऊ, नऊ, नऊ. खालची पायरी जमिनीपासून नऊ इंचांवर, वरची अठरावर, मग फरशी. नऊ इंच डांबरी रस्त्याला भरपूर झाले, शहरातल्या सेडानचं पोट त्याहून खाली असतं. शेतात जायचं असेल तर पायरी गोठ्यात.

मापं घ्यायला मिस्त्रींनी आजीलाच बोलावलं. हे मला फार आवडलं. तिला विटांवर चढायला लावलं. तेव्हा कळलं की ती एका पायरीवर एक पाय टाकून पुढे जात नाही. दोन्ही पाय आणते, थांबते, मग पुढची. म्हणजे दोन्ही पावलं मावतील एवढी लांबी आणि टाच टेकेल एवढी रुंदी हवी. बाजारातल्या गोल नळीच्या स्टायलिश पायऱ्या इथेच बाद होतात. शिवाय हाताला धरायला काही नसेल तर पायरी फुकट. हुडाच्या पुढच्या पाइपाला एक उभी दांडी बसवली. आजी आधी सीटवर बूड टेकवते आणि मग पाय आत घेते, म्हणून पायऱ्या सीटच्या समोर आल्या, चाकाच्या बाजूला नाही.

“वडापच्या जीपला बी मागं पायरी असायची की,” आजी मिस्त्रींना म्हणाली. “लटकून आलोय आमी बारामतीहून.” यावर दादा काही बोलला नाही.

आता थोडं कायद्याचं. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर कडक निकाल दिला. त्याआधी डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने बुल-बारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. तेव्हा लिफ्ट असो की बाहेर आलेली पायरी, आधी आरटीओत विचारा, मग मिस्त्री गाठा. दादाला मी हे दोनदा वाचून दाखवलंय. त्याने दोन्ही वेळा चहा मागवला.

पहिल्या आठवड्यात पायरी खडखडत होती. आतल्या-बाहेरच्या पाइपात जरा फट होती. मिस्त्रींनी बाजूने एक बोल्ट दिला, तो आवळला की आवाज बंद. चिखलाने पाइपांची तोंडं भरतात, त्यांना प्लॅस्टिकची टोपणं लावली. बसवायला आणि काढायला दोन-तीन मिनिटं लागतात. तरी हल्ली डाव्या बाजूची पायरी बहुतेक दिवस लावलेलीच असते. दादाचे ऑफ-रोडवाले मित्र त्यावरून त्याची खेचतात. त्यांच्यापैकी एकाने मागच्या महिन्यात हळूच मापं लिहून नेली.

आजी मोरगावला जाऊन आली. एकदा डॉक्टरकडे आणि एकदा माळेगावला भाचीकडेही. तिची तक्रार एकच आहे, पावसाने पत्रा ओला झाला की पाय सरकतो. त्यावर रबराची पट्टी ठोकायचीय. मिस्त्री म्हणालेत, गळीत हंगामाच्या ट्रॉल्या उरकल्या की लगेच.