जुन्या जीपचा गिअरबॉक्स

जुनी वस्तू भंगारात काढावयास क्षणभर पुरतो. ती समजून घ्यावयास मात्र सवड लागते. आमच्या घरच्या विलीज जीपविषयी हाच प्रश्न उभा राहिला. 1953 साली अमेरिकेत निघालेल्या सीजे-3बी या जातीची ती गाडी. पावसाळ्यात शेताच्या चिखलवाटेने तीच काय ती जाऊ शके. पण दुसरा गिअर टाकताना कर्कश खरखर होई. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला, तेव्हा आजोबा म्हणाले, "आधी पेटी उघडून तर पाहू."

या पेटीत पुढे जाण्याचे तीन गिअर व मागे येण्याचा एक. दुसऱ्या व तिसऱ्या गिअरास पितळी कडी असते. भिन्न वेगाने फिरणाऱ्या भागांचा वेग ती घर्षणाने समान करते, आणि मगच दातांत दात बसतात. आमच्या कडीच्या आतील बारीक खाचा पार झिजल्या होत्या. चक्रांचे दात मात्र शाबूत होते! नवी कडी आणली. खालच्या चक्रसमूहातील सुईसारखे रूळ ग्रीसने चिकटवून, एकही निसटू न देता दांडा सरकविण्यात आमची अख्खी दुपार गेली.

आता दुसरा गिअर मुकाट्याने पडतो. पहिल्यास मात्र अशी कडी मुळातच नाही. चालत्या गाडीत तो टाकू गेल्यास दात कुरकुरतात. म्हणून आम्ही गाडी पुरती थांबवितो व मगच तो टाकतो. यंत्राची मर्यादा ओळखून वागणे, हीदेखील त्याची दुरुस्तीच नव्हे काय?