घरी शिकणाऱ्या मुलांचा गटवर्ग : तिथे नेमकं काय शिकवायचं?



शाळेत न जाणारी मुलं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शाळाबाह्य मुलं येतात. वीटभट्टीवरची, ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेली. आज मी ज्या मुलांबद्दल लिहितेय ती वेगळी आहेत. त्यांच्या आईवडिलांनी विचार करून ठरवलंय की आपल्या मुलाला आपण घरीच शिकवायचं. याला होमस्कूलिंग म्हणतात, काही जण घरशाळा म्हणतात. हा निर्णय बरोबर की चूक, यावर आज बोलायचं नाही. अशी मुलं आठवड्यातून दोनदा एकत्र येतात तेव्हा त्यांना काय शिकवायचं, हा आजचा विषय आहे.

माझं डी.एड. झालंय. एका विनाअनुदानित प्राथमिक शाळेत मी नऊ वर्षं शिकवलं. गेली दोन वर्षं पुण्यात आमच्या भागातल्या समाजमंदिरात घरी शिकणाऱ्या मुलांचा गटवर्ग घेते. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेदहा ते साडेबारा. या वेळी बाकीची मुलं शाळेत असतात, त्यामुळे समाजमंदिर रिकामं मिळतं. दुपारी तीनला भजनी मंडळ आणि संध्याकाळी कराटेचा क्लास असतो. सात ते बारा वयाची नऊ मुलं, दोन सतरंज्या, एक फळा, एवढाच पसारा. हॉलचं भाडं आणि माझं मानधन पालक मिळून भरतात. मुलं मला बाई म्हणत नाहीत, ताई म्हणतात.

पालकांच्या मागण्या

सुरुवातीला प्रत्येक घराची मागणी वेगळी होती. एका आईला वाटायचं, तिचं गणित कच्चं आहे तर मी अपूर्णांक घ्यावेत. एका बाबांना मराठी व्याकरण हवं होतं. एक जण म्हणाले, "ताई, थोडी शिस्त लावा, रांगेत बसायची सवय होऊ दे." आणि एका आईने खाली मान घालून सांगितलं, "सासरची माणसं दर सणाला विचारतात, पोरगं शाळेत का नाही? तुम्ही एखादी वही भरून घेतलीत तर दाखवायला होईल."

या सगळ्या मागण्या खऱ्या आहेत. पण त्या सगळ्या पुऱ्या करायला गेलो तर आठवड्याच्या चार तासांत एक छोटीशी शाळा भरवावी लागेल, आणि ती मोठ्या शाळेपेक्षा वाईट असेल. म्हणून मी एक साधी कसोटी ठरवली. टाचण काढताना स्वतःला विचारायचं : हे काम मूल घरी एकटं, आईबाबांबरोबर करू शकेल का? करू शकत असेल, तर ते इथे करायचं नाही. इथे फक्त तेच करायचं, ज्याला दुसरी मुलं लागतातच.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण टाचण काढायला बसा, म्हणजे कळेल की आपले किती पाठ खरं तर एकट्याचेच असतात. खाली तीन पाठ देतेय, जे या कसोटीवर टिकले.

पाठ पहिला : हॉल किती पावलं लांब?

मोजमापाच्या धड्यात आपण मुलांना सांगतो की पूर्वी लोक वीत, हात, पाऊल यांनी मोजायचे, मग मीटर आला. मुलं मान डोलावतात. घरी एकट्या मुलाने खोली पावलांनी मोजली तर एकच उत्तर येतं आणि विषय संपतो. त्याला प्रमाणित एकक कशाला हवं?

समाजमंदिरात नऊ जणांनी हॉल मोजला. नऊ उत्तरं आली. बारा वर्षांच्या मुलाची २४ पावलं, सात वर्षांच्या मुलीची ३७. मग भांडण. "तू उड्या मारल्यास." "तू तिरका चाललास." दहा मिनिटं मी काही बोलले नाही. शेवटी एकीने सुचवलं, सगळ्यांनी एकाच्याच पावलाने मोजू. कुणाच्या, यावर पुन्हा भांडण. मग पायाएवढी दोरी कापायची ठरली. "पण दोरी हरवली तर?" असं एकाने विचारलं, तेव्हा मी पिशवीतून मीटरटेप काढली.

मीटर ही भांडण मिटवण्यासाठी माणसांनी केलेली गोष्ट आहे, हे त्या दिवशी मला फळ्यावर लिहावं लागलं नाही.

पाठ दुसरा : लिंबू सरबताची कृती

मराठीच्या लेखनात आपण कृती लिहायला देतो. मी सांगितलं, लिंबू सरबताची कृती लिहा. ती दुसरं कुणीतरी वाचेल आणि लिहिलंय तेवढंच करेल. अकरा वर्षांच्या एका मुलाने लिहिलं : लिंबू घ्या. पाण्यात टाका. साखर टाका. ढवळा. वाचणारी मुलगी नऊ वर्षांची. तिने सरळ अख्खं लिंबू पाण्याच्या ग्लासात टाकलं आणि चमच्याने ढवळायला लागली. सगळी पोरं हसून लोळली. लिहिणारा मात्र चिडला. "एवढं पण कळत नाही का?"

घरी त्याची आई ती चिठ्ठी वाचून उत्तम सरबत करेल. कारण तिला लिहिलेलं आणि न लिहिलेलं दोन्ही कळतं. घरात शिकण्याचं हे मोठं सुख आहे आणि मर्यादाही तीच आहे. आपल्या डोक्यात काय आहे हे ज्याला माहीत नाही, अशा माणसासाठी लिहायची वेळ त्या मुलावर आलीच नव्हती. दुसऱ्यांदा त्याने बारा ओळी लिहिल्या. त्यात "बिया काढून टाका" सुद्धा होतं.

पाठ तिसरा : जोडीने वाचन

आमच्या गटात कितवी हा प्रश्नच नाही. "तू कितवीत?" असं कुणी विचारलं की यातली बरीच मुलं गोंधळतात. शिक्षक म्हणून मला ही फार मोठी सोय वाटते. एक बारा वर्षांची मुलगी जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचते, पण मराठीतल्या जोडाक्षरांपाशी अडते. आठ वर्षांचा एक मुलगा आजीबरोबर रोज पेपर वाचतो, त्याचं मराठी वाचन घडाघडा आहे. दोघांना एक नाटुकलं जोडीने वाचायला दिलं. तो तिला "राष्ट्र" आणि "स्पष्ट" सांगतो, ती त्याला संवाद कुठे थांबून म्हणायचा ते दाखवते. शाळेत बारा वर्षांच्या मुलीला आठ वर्षांच्या मुलाकडून शिकायला लाज वाटली असती. इथे तिला ती वाटत नाही, कारण मागे पडणं कशाला म्हणतात हेच ठरलेलं नाही.

बहुवर्ग अध्यापन आपण डी.एड.ला शिकलोय, आणि जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांत कितीतरी जण ते रोज करताहेत. ते करणाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही.

एका मुलीबद्दल

आता एक गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण या वर्गाचं खरं मोल मला तिथे दिसलं. मुलगी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदललेत.

दहा वर्षांची ही मुलगी बोलताना अडखळते. आधीच्या शाळेत मुलं तिची नक्कल करायची. ती सकाळी पोटात दुखतं म्हणायला लागली, तेव्हा आईवडिलांनी शाळा सोडवली. घरी ती फुलली. वाचा-उपचार तज्ज्ञांकडेही ती नियमित जाते. घरी ती भरपूर बोलते, असं आई सांगायची. आमच्याकडे मात्र पहिले दोन महिने ती एक शब्द बोलली नाही.

वर्गात आमचा एक नियम आहे. ज्याच्या हातात चेंडू, तो बोलणार. चेंडू पुढे देईपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं. हा नियम तिच्यासाठी केला नव्हता. घरी एकटंच मूल असलं की प्रश्न नेहमी त्यालाच विचारलेला असतो. त्यामुळे ही मुलं पटकन उत्तर देऊन टाकतात आणि दुसऱ्याला विचार करायला वेळ लागतो, हे त्यांना ठाऊकच नसतं. त्यांना थांबायला शिकवायला तो चेंडू होता.

पावलं मोजायच्या दिवशी, भांडण रंगलं असताना, तिने चेंडू मागितला. "दो... दो... दोरी" इथे ती अडकली. आई व्हरांड्यात बसली होती. ती खिडकीशी आली आणि वाक्य पुरं करायला तिने तोंड उघडलं. मी हातानेच थांबा म्हटलं. आत आठ मुलं चेंडूकडे बघत बसली होती. त्यांना तिची दया वगैरे काही आली नव्हती. तिला दोरीबद्दल काय म्हणायचंय ते त्यांना हवं होतं, बस. बराच वेळ लागला, पण वाक्य तिने स्वतः पुरं केलं. पायाएवढी दोरी कापायची, ही सूचना तिची होती.

वर्ग सुटल्यावर आई म्हणाली, "मी घरी रोज तिची वाक्यं पुरी करते हो. मला वाटायचं मी तिला त्रासातून वाचवते." मी काही उपदेश केला नाही. त्या आईने मुलीला एका वाईट जागेतून बाहेर काढलं होतं आणि ते योग्यच होतं. पण आईच्या प्रेमाला जे जमत नाही, ते कधी कधी आपल्याच उंचीच्या आठ अनोळखी मुलांना जमतं. ती अजून अडखळते. पण चेंडू मागते.

असा वर्ग सुरू करायचा असेल तर

पालकांनी वर्गात बसू नये. व्हरांड्यात बसा, बाजारात जा, पण आत नको. वर्कबुक घरी भरा. सहा-सात मुलं तरी हवीत, म्हणजे मतं वेगळी पडतात. मुलं भांडली तर लगेच सोडवायला धावू नका, बऱ्याचदा पाठ तिथेच असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. त्यात घरी शिकवण्यासाठी वेगळी तरतूद नाही. परीक्षेसाठी बरीच कुटुंबं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग घेतात. तिथे तिसरी, पाचवी, आठवी यांच्या समकक्ष अ, ब, क असे स्तर आहेत आणि पुढे दहावी-बारावी. राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. अटी बदलत राहतात, म्हणून मंडळाकडूनच खात्री करून घ्या. आणि शिक्षक मित्रांनो, याच कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेत नोकरीवर असलेल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. मी सध्या शाळेत नोकरीला नाही, म्हणून हा वर्ग घेऊ शकते.

शाळेतल्या शिक्षकांसाठी

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे मुलं जिथे होती तिथे शाळा नेली. आमच्या समाजमंदिरात उलटं आहे. इथे शिक्षण घरी भरपूर आहे, मुलं तेवढी गोळा करावी लागतात. नऊ मुलं एका सतरंजीवर यावीत म्हणून कुणी हडपसरहून दोन बस बदलून येतं, कुणी ऑफिसातून अर्धी रजा काढतं.

तुमच्या वर्गात तीस-चाळीस मुलं रोज आपोआप येऊन बसतात. या आठवड्याचं एक टाचण काढून बघा. त्यातला कोणता भाग मुलाने एकट्याने केला तरी चालला असता, आणि कोणत्या भागाला शेजारचं मूल खरंच लागलं? मी शाळेतली माझी जुनी टाचणवही काढून हे मोजायला बसले आहे. तुम्हीही मोजा, आणि शेजारच्या मुलाशिवाय होऊच शकत नाही असा एखादा पाठ सापडला तर मला नक्की सांगा. शुक्रवारसाठी मला एक हवाच आहे.