उपाशी इंजिन

चोक ओढला आणि चेतकचं अडखळणं थांबलं. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या मिस्त्रीला तेवढ्यावरून दिशा सापडली. चोकने मिश्रणात पेट्रोल वाढतं. त्याने इंजिन सुधारलं, म्हणजे ते उपाशी होतं.

गाडी गोदूताई परुळेकर वसाहतीतली. विडी कामगार बायांना इथली 10 हजार घरं 2006 साली मिळाली, तेव्हापासून अक्कलकोट रस्त्यावर जुन्या स्कूटरींची रोजची वर्दळ. या चेतकचा मालक सोलापुरात यंत्रमागावर जातो. अर्ध्या वाटेत इंजिन तापून जड व्हायचं.

‘अण्णा, ऊन बघा की किती! तापणारच.’

‘ऊन मागच्या सालीबी होतंच की. तवा तापत होती का?’

मालकाने घरच्या घरी इलाज म्हणून लिटरला 20 मिलीऐवजी 40 मिली ऑइल घालायला सुरुवात केली होती. दुखणं त्याने वाढलं. जेटमधून जेवढं ऑइल जास्त जातं, तेवढं पेट्रोल कमी जातं.

प्लग काढला. टोक चुन्यासारखं पांढरं. निरोगी प्लग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा तांबूस असतो. टू-स्ट्रोकमध्ये हा पांढरेपणा जास्त घातक, कारण पिस्टनला लागणारं ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल तुटलं की वंगणही तुटतं आणि पिस्टन जाम होतो.

टाकीच्या झाकणाचं भोक उघडं, कॉकमधून धार नीट, फ्लोट ठीक. जेट कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकला. त्यात तार घालायची नाही, हा या मिस्त्रीचा कडक नियम, आणि तो बरोबरच आहे: पितळेचं भोक केसभर मोठं झालं तरी माप कायमचं बिघडतं.

मग त्याने रेस दिली आणि सोडली. आवाज खाली यायला हवा होता. तो वरच रेंगाळला. इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढत होतं. कार्बोरेटरखालच्या पॅकिंगवर तेलाचे थेंब सोडले, आवाज बदलला नाही. राहिला मॅग्नेट. पंख्याचं कव्हर उतरवून पुलरने मॅग्नेट ओढला, तर मागे सगळं तेलकट. क्रँकचं सील नखाने दाबलं तर दबेना, इतकं कडक झालेलं. क्लच बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल आत येऊन धूर होतो, गाडी ओरडून सांगते. या बाजूचं गेलं तर नुसती हवा येते, आणि हवा दिसत नाही.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. उसाच्या या जिल्ह्याला ते परकं नाही. पण एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 च. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या जोरावर इंधन वाढवून घेते. चेतकचा जेट ठरल्या मापाचा, त्यामुळे मिश्रण आधीच थोडं कोरडं. जुन्या रबरालाही इथेनॉल मानवत नाही. तरीही मिस्त्रीने मोठा जेट लगेच घातला नाही. आधी गळती बंद, मग माप. मोठ्या जेटने गळती झाकली असती आणि सील तसंच राहिलं असतं.

नवं सील बसवून, ऑइल 20 मिलीवर आणून चेतक वळसंगपर्यंत पळवली. परतल्यावर प्लग पुन्हा काढला. कडेने तांबूस रंग धरू लागला होता.

तुमच्या दारात अशी जुनी स्कूटर असेल, तर ऊन वाढण्याआधी, फेब्रुवारीतच हे सील बघून घ्या.