मागची बैठक

मोटार जितकी लहान, तितके तिच्या धन्याचे मनोरथ मोठे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. मोठ्या मोटारीचा धनी मागे रेलून डुलक्या घेतो. आमच्या जुन्या मारुती ८०० चा धनी मात्र सदा बॉनेट उघडून उभा! धनी म्हणजे माझा भाचा. कागदोपत्री गाडी माझी, एवढेच.

तीन सिलिंडर, ७९६ घनसेंटिमीटरचे एंजिन आणि बाबागाडीला शोभावीत अशी बारा इंची चाके. मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाट लागला की एसी बंद करायचा, काचा खाली घ्यायच्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये कुंथत वर चढायचे. मागून आलेल्या गाड्या भोंगे वाजवीत पुढे जातात. हा अपमान भाच्याला सोसवत नाही.

"मामा, मिनीचे काय झाले ठाऊक आहे ना?" हे त्याचे ब्रह्मास्त्र.

ठाऊक आहे, त्यानेच सतरांदा ऐकविले आहे. १९५६ साली सुवेझच्या तंट्यात इंग्लंडला पेट्रोलची टंचाई झाली आणि ॲलेक इसिगोनिसने काटकसरी कुटुंबांसाठी मिनी रचली. एंजिन आडवे बसविले, म्हणून जेमतेम दहा फुटांत चार माणसे मावली. १९५९ साली ती रस्त्यावर आली ती ३४ अश्वशक्ती घेऊन. शर्यतीच्या मोटारी बांधणारा त्याचा स्नेही जॉन कूपर याला तिच्यात निराळेच काही दिसले. इसिगोनिसला ते प्रथम रुचले नाही; पण १९६१ साली मिनी-कूपर निघालीच. ९९७ घनसेंटिमीटर, दोन कार्ब्युरेटर, ५५ अश्वशक्ती! १९६४ साली तिच्याच थोरल्या भावंडाने माँटे कार्लोची रॅली जिंकली.

भाचा एक गोष्ट मात्र घाईने उरकतो. कूपरने जोर वाढविला तेव्हाच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले. आणि विकायच्या गाडीतली मागची बैठक जागच्या जागी राहू दिली.

आमचा वाद पेटला तो बैठकीवरूनच. वजन घटविणे हा वेग वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय, हे भाच्याचे म्हणणे खोटे नाही. मीही मुलांच्या निबंधांतली विशेषणे छाटतो तेव्हा वाक्ये धावू लागतात. पण त्या बैठकीवर माझी आई बसते, दरमहा मुंबईच्या इस्पितळात जाताना. आजी काही विशेषण नव्हे!

दुसरे एंजिन घालण्याचा बेत परिवहन कार्यालयाच्या परवानगीपाशी अडला. अखेर तह झाला. टायर नवे, ब्रेकची पॅडे नवी. मग प्लग, हवेची जाळी, व्हॉल्व्हच्या फटी. वर्षानुवर्षांच्या झिजेने हरवलेला जोर बराचसा परत आला. घाटात एसी अजून बंदच करावा लागतो; भोंगे मात्र कमी ऐकू येतात.

आजीनेही एक सुधारणा सुचविली आहे : चढता-उतरताना धरायला दाराशी एक मूठ हवी. भाचा सकाळपासून टेप घेऊन मापे काढतो आहे.