गल्ल्यात कमी, मशीनमध्ये जास्त

मंडळी, या विकांताचा विषय तसा रुक्ष आहे: हॉटेलातलं बिलिंग. आम्ही सॉफ्टवेअरवाले त्याला पीओएस म्हणतो. गल्ल्यावरचा कॉम्प्युटर, बिल छापणारा प्रिंटर आणि आत स्वयंपाकघरात ऑर्डरची चिठ्ठी (केओटी) छापणारा दुसरा प्रिंटर, एवढाच त्याचा संसार. हा संसार बंद पडला की नुकसान मालकाचं होतं असं आपण धरून चालतो. मला वाटतं, पहिला फटका गल्ल्यावर बसलेल्या पोराला बसतो.

आधी थोडा इतिहास. १८७९ साली अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाच्या एका बारमालकाने कॅश रजिस्टरचं पेटंट घेतलं. नोकर पैसे खिशात घालतात, हा त्याचा वैताग. जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र बघून त्याला ही कल्पना सुचली म्हणे. यंत्राचं नाव ठेवलं 'इनकरप्टिबल कॅशियर', म्हणजे कधीही न बिघडणारा, इमानदार गल्लेवाला! थोडक्यात काय, या यंत्राचा जन्मच संशयातून झालाय. आजचा टचस्क्रीनवाला डबा त्याचाच वंशज. त्यामुळे यंत्राचा आणि माणसाचा हिशोब जुळला नाही तर खोटा कोण, हे लोकांनी आधीच ठरवलेलं असतं.

आता आमच्या हिंगोलीकडची गोष्ट. माझ्या मावसभावाचं औंढा रोडला छोटं हॉटेल आहे. २०२५ च्या महाशिवरात्रीला, २६ फेब्रुवारीला, मी गावीच होतो. औंढा नागनाथच्या दर्शनाला जाणारी-येणारी गर्दी, साबुदाण्याची खिचडी आणि भगर-आमटीला उसंत नाही. दुपारी मिनिटभर लाईट गेली आणि आली. कॉम्प्युटर यूपीएसवर असल्यामुळे चालूच राहिला. राऊटर आणि प्रिंटर मात्र साध्या बोर्डावर. ते बंद होऊन परत चालू झाले, आणि राऊटरने प्रिंटरला नवाच पत्ता देऊन टाकला. कॉम्प्युटर बिचारा जुन्या पत्त्यावर बिलं पाठवत बसला. कागद काही येईना.

गल्ल्यावरच्या पोराने कुणीही केलं असतं तेच केलं. परत बटण दाबलं. तीन गिऱ्हाइकांच्या वेळी असं झालं, मग त्याने वही काढली आणि हाताने लिहायला लागला. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला तर पलीकडचा माणूस लांबच्या कुठल्यातरी शहरात. "प्रिंटर बंद करके चालू कीजिए," आणि एक तक्रार क्रमांक. तासाभराने गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातला मुलगा आला आणि दहा मिनिटांत दुरुस्त करून गेला.

खरी गंमत रात्री. (गंमत कसली म्हणा.) वहीतले पैसे धरूनही मशीनच्या रिपोर्टपेक्षा गल्ला ८७० रुपयांनी कमी! पोरगं रडकुंडीला आलं. "मालक, मी एक रुपयाबी घेतला नाही हो." भाऊ काही बोलला नाही, पण त्याचं न बोलणंच बोलत होतं.

मी बिलांची यादी उघडली. तेच टेबल, तेच पदार्थ, तीच रक्कम, मिनिटाच्या आत दोनदा. असे तीन जोड. २६०, ३१० आणि ३००. बेरीज ८७०. छपाई झाली नाही म्हणून दुसऱ्यांदा दाबलेलं बटण त्या सॉफ्टवेअरने नवीन बिल समजून नोंदवलं होतं. भावाला स्क्रीन दाखवला. त्याने पोराला जवळ बोलावून घरी न्यायला खिचडी बांधून दिली. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

असो. बिघाड कुणाला चुकलेत? १५ मार्च २०२४ ला मॅकडोनाल्ड्सची यंत्रणा जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन अशा कितीतरी देशांत एकदम कोलमडली. कारण काय, तर बाहेरच्या एका पुरवठादाराने केलेला सेटिंगमधला बदल. म्हणजे 'कधीच बंद पडणार नाही' ही नुसती सेल्समनची भाषा झाली. बंद पडेल तेव्हा ते खोटं बोलू नये, एवढं तरी आपण मागू शकतो. पुन्हा छापणं आणि नवीन बिल करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि हा फरक सॉफ्टवेअरने ओळखायचा असतो. ते पंधरा-सोळा वर्षांच्या अनुभवी इंजिनिअरचं काम आहे, गर्दीत घामेजलेल्या पोराचं नाही.

तुमचं किंवा ओळखीत कुणाचं हॉटेल असेल तर चार गोष्टी बघा. राऊटर आणि प्रिंटरही यूपीएसवर घ्या आणि प्रिंटरला कायमचा पत्ता देऊन टाका. स्वयंपाकघरात शक्यतो रिबनवाला प्रिंटर ठेवा, कारण थर्मल कागद भट्टीच्या धगीने काळा पडतो. नेट नसताना बिल होतं का, हे विकत घेण्याआधी वायर काढून बघा. आणि गल्ल्यात छापील बिलबुक असू द्या. जीएसटीच्या नियमात बिलांना सलग क्रमांक लागतात, पण एकापेक्षा जास्त मालिका चालतात, तेव्हा बिलबुकाची मालिका वेगळी ठेवली की गोंधळ होत नाही.

आणि डेमो द्यायला आलेल्या माणसाला एक प्रश्न जरूर विचारा: सणाच्या दिवशी भर दुपारी फोन कोण उचलणार, आणि त्याला मराठी येतं का? उत्तर देताना तो घुटमळला, तर आधी गावातल्या त्या दुकानातल्या मुलाचा नंबर घेऊन ठेवा.